अलकाताईंचं निदान

अलकाताईंच्या दुकानात बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन गेलं की खुर्ची आधी माणसाला मिळायची. मशीन दाराच्या कडेला जमिनीवर तसंच पडून राही, वायर गुंडाळलेलं. लोकांना याचं नवल वाटे आणि थोडा रागही येई. शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या त्या गाळ्यात येणारी माणसं घाईतली असत. कुणाची गाडी बाहेर आडवी लावलेली, कुणाचं मार्केट यार्डात काम खोळंबलेलं. त्यांना वाटे, बाईनं मशीन उघडावं, काय काढायचं ते काढावं, काय घालायचं ते घालावं आणि मोकळं करावं. अलकाताई मात्र स्टुलावर बसत, हात मांडीवर ठेवत आणि म्हणत, "हां, पहिल्यापासून सांगा. बंद पडलं तिथनं न्हाई, चालू होतं तिथनं."

मग माणूस सांगू लागे, आणि सांगणं संपताना एक वाक्य हमखास येई. "आम्ही काहीच केलं नाही हो, आपोआप झालं." दुसरा कुणी दुकानदार या वाक्यावर गालातल्या गालात हसला असता. अलकाताई हसत नसत. "काही न्हाई केलं म्हंजी जे केलं ते रोजचंच हाय," त्या म्हणत. "रोजचं केलेलं माणसाला केल्यासारखं वाटत न्हाई." आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागत. पोलीस ठाण्यात इतकं विचारत नाहीत, असं एक कांद्याचा व्यापारी मला वैतागून म्हणाला होता.

मला हे सगळं ऐकू येई, कारण माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान त्यांच्या शेजारचंच. मध्ये एक प्लायवूडचं पार्टिशन, तेही वरून उघडं. दुकान मूळचं त्यांच्या यजमानांचं. ते एका दुपारी छातीत कळ येऊन गेले. अलकाताईंचं माहेर दौंडचं, वडील तिथं रेल्वेत होते. आता बाई सामान विकून माहेरी जाईल, असं आम्ही आजूबाजूच्या दुकानदारांनी धरूनच ठेवलं होतं. दिवस घातल्यावर एका सकाळी मी आलो तर त्यांचं शटर माझ्या आधी वर. इतकी वर्षं नवऱ्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देता देता बाई सगळं शिकून बसली होती, हे आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं. कपाळ त्यांनी मोकळं ठेवलं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

गोड बोलणं त्यांना जमत नसे, हेही सांगितलं पाहिजे. गिऱ्हाइकानं काही लपवलंय असं वाटलं की तोंडावर म्हणत, "डाक्टरशी आन् वायरमनशी खोटं बोलू नये, दोन्हीकडं जीव जातो." माझ्या दुकानातले खोडरबर शाळेच्या पोरांपेक्षा त्यांनीच जास्त नेले असतील. रॅमच्या पट्टीची सोनेरी कड खोडरबरानं घासून स्वच्छ करायची त्यांची पद्धत होती. रॅम म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "पीठ डब्यात असतं, पर भाकरी परातीत थापायची. हार्डडिस्क म्हंजी डबा, रॅम म्हंजी परात. परातीला चीर गेली तर डब्याचा काय दोष?" शिरूर तालुक्यातल्या कितीतरी माणसांना मेमरी म्हणजे काय हे एवढ्यावर कळलं, मीही त्यातलाच.

न्हावऱ्याचं प्रकरण माझ्यामुळंच त्यांच्याकडं आलं. न्हावऱ्याला माझी आत्या असते. ऊस, कांदा, गोठ्यात गाई, भरलेलं घर. आत्याचा मुलगा संपत दूध आणि शेती बघतो. त्याची बायको रूपाली डिप्लोमा झालेली, लग्नाआधी रांजणगावच्या एका कारखान्यात मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायची. मुलगी झाल्यावर तिचं जाणं-येणं बंद झालं. पण तिचं काम चोख होतं, म्हणून कारखान्यातल्या साहेबांनीच सुचवलं की घरून काढा, फक्त मशीन दणकट पाहिजे. घरात बसून पगार येतो ही गोष्ट आत्याच्या यजमानांना, म्हणजे आमच्या मामांना, काही केल्या पटेना. "असल्या पगाराचा भरोसा काय?" असं बरेच दिवस चाललं. शेवटी ते म्हणाले, "बघ बाई करून. जमलं तर जमलं, न्हाई तर गोठा हायेच." रूपालीनं हे ऐकून मान हलवली. जमलं नाही तर आयुष्यभर गोठा, हे तिला न सांगता कळलं होतं.

मी अलकाताईंचं नाव सुचवलं. त्यांनी सगळे भाग मागवले आणि दसऱ्याच्या आधी मशीन जोडून दिलं. कॅबिनेट संपतच्या आवडीचं, एका बाजूला काचेचं दार आणि आत रंगीत दिवे. अलकाताईंना ते पसंत नव्हतं. "एवढे दिवे कशाला, ऑर्केस्ट्रा हाय का?" त्या म्हणाल्या होत्या. पण संपत ऐकेना, म्हणून रॅमच्या पट्ट्याही दिव्यांना शोभतील अशा लालभडक कवचाच्या घातल्या. मशीन घरी पोचलं तेव्हा मामा म्हणाले, "बाईनं जोडलंय, टिकंल का?" त्यावर आत्याच उसळली. "चूल कोण जोडतं मग घरात? आजवर मोडली का?" अलकाताई निघाल्या तेव्हा तिनं त्यांना पिशवीभर कांदे दिले. ही माझी आत्या वाईट नाही, हे मी आताच सांगून ठेवतो.

दसरा झाला आणि मशीन रडायला लागलं. रूपाली ड्रॉइंग काढत असायची आणि पडदा एकाएकी निळा व्हायचा. कधी मशीन आपणच बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. अलकाताई गेल्या, खाटेवर बसल्या आणि घरातल्या एकेकाला विचारलं. पाणी सांडलं का? पोरगी बटणं दाबते का? कुणी दार उघडून आत हात घातला होता का? सगळे नाही म्हणाले. आत्यालाही विचारलं. "मला काय कळतंय बाई त्यातलं," आत्या म्हणाली, "म्या कशाला हात लावू?" ती अगदी मनापासून बोलली होती.

मशीन दुकानात आलं. अलकाताईंनी पट्ट्या काढल्या, खोडरबरानं घासल्या, पुन्हा बसवल्या आणि मेमरी तपासणारा प्रोग्राम लावून दिला. रात्रभर चालला, एकही चूक निघाली नाही. मशीन परत गेलं, आठवडाभर नीट चाललं आणि पुन्हा निळं. असं एकदा नाही, कितीतरी वेळा झालं. दुकानात शहाणं आणि न्हावऱ्यात वेडं. बहुतेक वेळा हे शनिवारी व्हायचं, असं रूपालीच्या लक्षात आलं. मामांनी त्यावर लगेच इलाज सांगितला, मारुतीला तेल घाला. अलकाताईंनी विजेवर संशय घेतला. त्या भागात उसाच्या मोटारी चालू झाल्या की दिवे मिणमिणतात. त्यांनी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून बघितलं, चांगला यूपीएस लावला, पट्ट्या एकेक करून बदलल्या. कॅबिनेटच्या तळाशी एखादा तांदूळ दिसला तो उंदरानं आणला असेल म्हणून झटकून टाकला. "एका येळी एकच बदल," त्या मला म्हणायच्या. "दोन बदलले आन् बरं झालं, तर कशानं झालं ते कळत न्हाई. मग ते बरं झालेलंच न्हाई."

एकदा पट्टी घासताना खोडरबराचा भुगा तांबूस निघाला. अलकाताईंना वाटलं, कवचाचा रंग सुटतोय, म्हणजे पट्ट्याच नकली. पुण्याच्या ज्या माणसाकडून माल यायचा त्याला त्यांनी फोनवर असं काही झापलं की पार्टिशनच्या या बाजूला माझी झेरॉक्सची गिऱ्हाइकं गप्प झाली. त्यानं मुकाट्यानं नव्या पट्ट्या पाठवल्या. त्या घातल्या आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी त्याच माणसाला फोन लावला. "माझं चुकलं, दादा. माल चांगला हाय, मीच आंधळ्यावाणी बोलले." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि पट्ट्या पुन्हा काढायला घेतल्या.

तिकडं रूपालीचं कठीण होत चाललं होतं. मशीन मध्येच पडल्यामुळं एक मोठं ड्रॉइंग असं बिघडलं की ते उघडेचना. साहेबांचा फोन आला तेव्हा ती भाकरी करत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता. "मॅडम, घरून जमत नसेल तर स्पष्ट सांगा, मला दुसरं कुणी बघावं लागेल." मामांनी ते ऐकलं. ते रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "गोठ्यात तसं बी एक माणूस कमीच हाय." हे रूपालीनं अलकाताईंना फोनवर सांगितलं. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच राहिला. मी म्हणालो, "ताई, नव्या मशीनमध्ये असतो एखादा दोष, तुम्ही काय करणार?" त्या म्हणाल्या, "दोष मशीनचा असता तर माझ्या दुकानात बी दिसला असता. त्या घरात काहीतरी हाय जे मी इचारत न्हाई." गावात कुजबुज सुरू झालीच होती. माझ्याच दुकानात प्रती काढायला आलेला एक जण दुसऱ्याला सांगत होता की बाईचं मशीन घेऊ नको, न्हावऱ्याला बघ काय झालंय. मला संताप आला, पण मशीन खरंच बंद पडत होतं.

शेवटी त्यांनी ठरवलं की शुक्रवारी सकाळी जायचं आणि मशीनशेजारी नुसतं बसायचं, हात न लावता. दिवसभर मशीन झकास चाललं. रूपालीनं एक अख्खं ड्रॉइंग पुरं केलं. संध्याकाळी त्यांना घ्यायला मी मोटरसायकल घेऊन गेलो. मी खोलीत टेकतो न टेकतो तोच दिवेलागणीला आत्या तबक घेऊन आत आली. तबकात निरांजन, पाण्याची वाटी, हळद-कुंकवाचा करंडा, ओल्या अक्षता, झेंडूचं फूल. आधी देवघर, मग तुळस, मग गोठ्याचं दार, मग ही खोली, असा तिचा शुक्रवारचा फेरा. रूपालीनं मशीन झोपवलं आणि ती उठून उभी राहिली, दिवा आला की उभं राहतात तशी. आतले रंगीत दिवे मंद चालूच होते. आत्यानं देव्हाऱ्याचं उघडावं तसं मशीनचं काचेचं दार उघडलं, बोट पाण्यात बुडवून हळदीत, मग कुंकवात टेकवलं आणि आत उभ्या असलेल्या लाल पट्ट्यांना वरून एकेक बोट लावलं. दोन-चार अक्षता टाकल्या, दार लावलं आणि हात जोडले.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी लहानपणापासून आत्याला ट्रॅक्टरला, कडबाकुट्टीला, नव्या गॅसच्या शेगडीला कुंकू लावताना पाहत आलोय. रूपालीला दिसलं नव्हतं, संपतला दिसलं नव्हतं, आणि खुद्द आत्यालाही आपण मशीनला हात लावला असं वाटलं नव्हतं. पूजा करणं म्हणजे हात लावणं थोडंच असतं? लाल कवचावर लाल कुंकू उठून दिसत नव्हतं. मी अलकाताईंकडं पाहिलं तेव्हा त्या स्टुलावरून अर्ध्या उठल्या होत्या आणि त्यांचं तोंड बोलण्यासाठी उघडलेलं होतं.

तेवढ्यात आत्या वळली. तिनं रूपालीला कुंकू लावलं. नातीला लावलं. मग तबक अलकाताईंच्या समोर आलं आणि थांबलं. आत्याचं बोट करंड्यावर होतं. क्षणभर तिनं अलकाताईंच्या कपाळाकडं पाहिलं, मग खाली पाहिलं आणि तबक वळवलं. "च्या घिऊन जा गं बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात खोट नव्हती. तिला वाईटच वाटलं होतं, पण रीत मोडायची तिला सवय नव्हती. रूपाली जमिनीकडं बघत राहिली आणि अलकाताईंनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

परत येताना रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी आली म्हणून थांबलो. मी म्हणालो, "ताई, कारण सापडलं ना?"

"सापडलं."

"मग बोलला का नाहीत?"

"आत्ता बोलले असते तर काय झालं असतं, भाऊ? मला लावलं न्हाई, म्हणून कुकवाला दोष दिला, असंच झालं असतं."

मी म्हणालो, मी सांगतो, माझी आत्या आहे. त्या म्हणाल्या, "मग मी तुमच्याकडं गाऱ्हाणं केलं असं हुईल." मी म्हणालो, मग सांगूच नका, साफ करून द्या आणि त्या काचेच्या दाराला स्क्रू मारून टाका. ट्रॉली सरकली तरी मी गाडी चालू केली नाही. मग त्या म्हणाल्या, "स्क्रू मारला तर आत्या संपतला सांगून काढायला लावतील, लक्ष्मीचं दार बंद कसं ठेवायचं म्हणून. आन् कारण सांगितलं न्हाई तर दोष कुणावर राहतो? त्या पोरीवर. घरात कारण सापडलं न्हाई की सुनंवरच येतं. दुरुस्ती केली आन् कारण सांगितलं न्हाई, तर ती दुरुस्ती नव्हं, ती झाकाझाक." एवढं बोलून त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा न्हावऱ्यात. मशीन निळं होऊन बसलेलंच होतं. अलकाताईंनी आत्याला बोलावलं, शेजारी बसवलं आणि तिच्यासमोर एक पट्टी बाहेर काढली. पट्टी बसते त्या खाचेत काळपट तांबडा लगदा वाळून धरला होता आणि त्यात हळदीचा पिवळा तांदूळ अडकला होता. त्यांनी तो चिमट्यानं काढून कागदावर ठेवला.

"ही कालची अक्षता, आत्या. आन् हे कुकू. बोट ओलं असतं. थेंब पट्टीवरनं खाली उतरतो आन् इथं खाचेत वाळतो. मग शनवारी मशीन इथंच अडखळतं. मी साफ करते, तवा चालतं. पुन्हा शुक्रवार येतो."

आत्या त्या तांदळाकडं बघत राहिली. "म्हंजी माझ्या कुकवानं बिघडलं म्हणतीस."

"कुकवानं न्हाई, ओलीनं. पाण्यानं बिघडलं असतं, दुधानं बी बिघडलं असतं."

"म्या दूध न्हाई घातलं. म्या कुकूच लावलं." आत्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पोरीचं चांगलं व्हावं म्हून लावलं. देवाला बी लावत न्हाई एवढं जपून लावलं." मग तिनं मान वर केली. "काल तुला लावलं न्हाई म्हून बोलतीस व्हय?"

"आई," रूपाली दारातून म्हणाली.

अलकाताईंनी आत्याच्या डोळ्यांवरून नजर काढली नाही. "न्हाई आत्या. लावलं असतंत तरी हेच बोलले असते."

मग त्या म्हणाल्या, "बाहेरनं काचेला लावा, कितीबी लावा. फक्त आत नको." दाराबाहेर मामा उभे होते. "आपलं पाप लक्ष्मीवर ढकललं बाईनं," ते म्हणाले. आत्या त्यांच्यावर खेकसली, "तुमी गप बसा." मग अलकाताईंकडं न बघता ती उठली आणि म्हणाली, "च्या घेतल्याबिगर जाऊ नगं." अलकाताईंनी मशीन साफ केलं, पट्टी बसवली आणि त्या घरचा पूर्ण कपभर चहा प्यायल्या. इतका अवघड चहा मी कधी प्यायलो नाही.

त्या दिवसापासून आजतागायत रूपालीचं मशीन एकदाही निळं झालेलं नाही. साहेबांनी दुसरं कुणी बघितलं नाही. मामा आता पाहुण्यांना सांगतात, आमची सून घरात बसून कारखाना चालवते. आत्या मात्र त्या खोलीत दिवा घेऊन जात नाही. काचेलाही कुंकू लावत नाही. शुक्रवारचा तिचा फेरा गोठ्याच्या दारावरून मागं फिरतो. मी तिला एकदा म्हणालो, "आत्या, बाहेरून लावायला हरकत नाही म्हणाल्या होत्या ना त्या." ती म्हणाली, "सुभ्या, जिथं माझा हात चालत न्हाई तिथं माझं कुकू तरी कशाला?" मला तिची कीव आली, आणि तिचा रागही आला. दोन्ही एकाच वेळी येतं, हे मला तेव्हा कळलं.

भजनाच्या बायकांत आत्यानं झालं तेवढंच सांगितलं. एक शब्द वाढवला नसेल, मी तिला ओळखतो. पण न्हावऱ्याहून शिरूरला येईपर्यंत त्या वाक्याला हातपाय फुटले. विधवा बाईनं सवाष्णीच्या कुंकवाला नावं ठेवली, असं ते आमच्या गाळ्यांपर्यंत पोचलं. शिरूरची माणसं सुधारलेली. असल्या कारणासाठी कुणी दुकान बदलत नाही, निदान तसं म्हणत नाही. म्हणायचे ते असं, की जरा लांब पडतं, पुतण्याच्या ओळखीचा एक जण आहे, हल्ली नवीनच घेतो, दुरुस्तीला काय परवडतंय. दरवर्षी दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आधी व्यापारी आपापली मशीन तपासून घ्यायला अलकाताईंना बोलवायचे. पुढच्या दिवाळीत कुणी बोलावलं नाही. मी एका ओळखीच्या दुकानदाराला तोंडावर विचारलं, तर तो म्हणाला, "अहो, आमच्या मातोश्री जुन्या वळणाच्या आहेत, दिवस सणाचे." मी त्याच्याशी भांडलो. अलकाताईंना कळलं तेव्हा त्या पार्टिशनवरून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही नका भांडू. तुमचं बी गिऱ्हाईक जाईल."

दुकान कसंबसं चाललं आणि मग थांबलं. त्या दौंडला भावाकडं गेल्या. जाताना मला माझे खोडरबर परत द्यायला आल्या, अर्धे झिजलेले, एका प्लास्टिकच्या डब्यात. त्यांच्या गाळ्यात आता कुरिअरचं ऑफिस आहे. तिथला माणूस कुणालाच काही विचारत नाही, पाकीट ठेवून घेतो.

गेल्या उन्हाळ्यात मेहुण्याला रेल्वेत बसवायला दौंडला गेलो होतो. मेहुण्याची गाडी गेली. माझ्या परतीच्या बसला अवकाश होता, म्हणून पत्ता विचारत गेलो. मोबाईलचं दुकान, बोर्डावर कुणा पुरुषाचं नाव, आणि मागच्या खोलीत पंख्याखाली अलकाताई एका लॅपटॉपचं पोट उघडून बसलेल्या. केस बरेच पांढरे झाले होते. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. पुढच्या बाजूला गिऱ्हाइकांशी मालक बोलतो, त्यांच्यापर्यंत नुसतं मशीन येतं, माणूस येत नाही. "सांगणारं कुणी नसतं," त्या म्हणाल्या, "त्यामुळं येळ लागतो." रूपालीची चौकशी केली. तिला बढती मिळाल्याचं सांगितलं तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

"आन् आत्या? काचेला लावतात का?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"भाऊ, त्या दिवशी मी म्हणाले ना, लावलं असतंत तरी हेच बोलले असते?"

"हो."

"ते खरं न्हाई. लावलं असतं तर मी बोललेच नसते. दर शुक्रवारी गुपचूप जाऊन साफ करून आले असते. इतक्या वर्षांनी कुणी कपाळाला बोट लावलं असतं, त्यात खोट काढायचा मला धीरच झाला नसता. त्या आत्या बरोबर बोलल्या. मी लावलं न्हाई म्हणूनच बोलले."

मला पुष्कळ म्हणायचं होतं. म्हणायचं होतं की मी तिथं होतो, तबक वळायच्या आधीच तुम्ही बोलायला तोंड उघडलं होतं. म्हणायचं होतं की सगळं शिरूर चुकलं, तुम्ही नाही. पण त्यांचं निदान सहसा चुकत नसे, म्हणून मी काही बोललो नाही.